टाइमशेअरची रूम दुसऱ्या कुटुंबाला भाड्यानं दिली, तर रिसॉर्ट कंपनीचा फायदा होतो का? बेळगाव सीमाभागातल्या सदस्यांचे नेहमीचे प्रश्न

निपाणी-चिकोडीपासून खानापूर-हल्याळपर्यंत कितीतरी घरांत दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली रिसॉर्टची टाइमशेअर मेंबरशिप, म्हणजे आधी रक्कम भरून पुढं बरीच वर्षं दरवर्षी ठरावीक रात्री राहायचा हक्क, पडून आहे. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला लागली, आईवडिलांच्या गुडघ्यांना घाटरस्ता सोसत नाही आणि वर्षाच्या रात्री तशाच राहतात. मग कुणीतरी सुचवतं, "द्या की ओ कुणाला तरी, निदान वर्षाचे पैसे तरी सुटतील." लगेच दुसरा म्हणतो, "खरं कंपनी सोडंल काय?" या दोन वाक्यांच्या मधले प्रश्न इथे घेतले आहेत.

आधी एका वाक्यात सांगा. आम्ही रूम भाड्यानं दिली तर कंपनीचं भलं होतं की नुकसान?

बहुतेक वेळा भलंच होतं. नुकसान होण्यासाठी दोन गोष्टी एकदम घडाव्या लागतात. तुमच्याकडून रूम घेणारं कुटुंब, किंवा दुसरं कुणी, नाहीतर कंपनीकडेच पूर्ण दर मोजून आलं असतं, ही पहिली. तुम्ही रूम वापरली नसती तर ती रिकामी राहून कंपनीला विकायला मिळाली असती, ही दुसरी. यांतली एक जरी नसेल, तर कंपनीच्या खिशातून काही जात नाही.

हे नीट कळायला कंपनीचा पैसा नक्की कुठून येतो ते सांगाल का?

तीन खिसे धरा. पहिला, सदस्यत्वाची मूळ रक्कम, जी तुम्ही एकरकमी किंवा हप्त्यानं भरली. दुसरा, वार्षिक शुल्क. तुम्ही गेलात काय आणि नाही गेलात काय, ते भरावंच लागतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तिसरा, रिसॉर्टवर होणारा खर्च: जेवण, स्पा, मुलांचे खेळ, साइटसीइंगची गाडी.

क्लब महिंद्रा चालवणारी महिंद्रा हॉलिडेज ही १९९६ साली स्थापन झालेली कंपनी शेअर बाजारात आहे, त्यामुळे तिचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात. त्यांत सदस्यत्वाचं उत्पन्न, वार्षिक शुल्क आणि रिसॉर्टमधली कमाई वेगवेगळी दाखवलेली असते. नव्या हिशेब-मानकांनुसार, म्हणजे इंड एएस ११५ नुसार, पंचवीस वर्षांच्या सदस्यत्वाची रक्कम पहिल्याच वर्षी उत्पन्नात धरता येत नाही; ती मुदतभर पसरून घ्यावी लागते. मला हे कळलं तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. कंपनीसाठी तुम्ही एकदा झालेली विक्री नसून पंचवीस वर्षं चालणारं खातं आहात. ते खातं थकलं, सदस्यानं वार्षिक शुल्क भरणं सोडलं, तर कंपनीला खरं दुखतं.

मग भाडेकरू कुटुंबानं कंपनीला काय मिळतं?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही शुल्क भरत राहता. तीन वर्षं कुठंच न गेलेला सदस्य चौथ्या वर्षी बिल बघून म्हणतो, "काय उपयोग ह्याचा?" आणि हात आखडतो. तोच माणूस दरवर्षी चार रात्री कुणाला तरी देऊन शुल्काइतके पैसे काढत असेल, तर तो बिनबोभाट भरतो. म्हणजे भाडेकरूनं दिलेली नोट तुमच्या खिशात थोडा वेळ थांबून शेवटी कंपनीकडेच जाते.

दुसरं म्हणजे जेवण. जुना सदस्य रिसॉर्टवर हुशार झालेला असतो. आपल्याकडची मंडळी निघतानाच भडंग, शेंगाचटणी, दशम्या, विजेची किटली अशी शिदोरी बांधतात, आणि रात्री रिसॉर्टच्या गेटबाहेरची खानावळ कुठे आहे हे त्यांना पाठ असतं. पहिल्यांदा आलेलं कुटुंब मात्र तिथल्याच बुफेत बसतं, मुलांच्या हट्टापायी झिपलाइन करतं, बायका स्पाचं दरपत्रक बघून आधी हसतात आणि मग एकदा करून बघतात. चौघांचं कुटुंब रोज तीन हजार रुपये तिथं खर्च करतं असं नुसतं गृहीत धरलं, तरी सात दिवसांत एकवीस हजार होतात. रूम रिकामी असती तर यातला रुपयाही आला नसता. स्वयंपाकी, माळी, पोहण्याच्या तलावाचं पाणी, जनरेटर यांचा खर्च रूम भरली नाही म्हणून थांबत नाही.

तिसरी गोष्ट विक्रीवाल्यांना सर्वांत प्रिय. टाइमशेअरचा ग्राहक शोधणं महाग काम आहे. त्यासाठीच पेट्रोल पंपावर आणि मॉलमध्ये कूपन भरून घेतात, लकी ड्रॉ लागल्याचा फोन येतो, नवरा-बायको दोघांनीही यायचंच अशी अट घालून हॉटेलात चहापाण्याला बोलावतात. तुम्ही पाठवलेलं कुटुंब स्वखर्चानं तिथं पोचलेलं असतं, चार दिवस रिसॉर्टवरच असतं आणि खूश असतं. त्यांना एका सकाळी "जरा अर्धा तास बसा" म्हणायला कंपनीला काहीच लागत नाही.

तोटा होतो तो कधी?

गर्दीच्या दिवसांत. नाताळ ते नववर्ष गोव्यात किंवा मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी, रूम कुणाच्याही हातात असो, ती जाणारच असते. समजा, त्या आठवड्यात कंपनी बाहेरच्या माणसाला ९,००० रुपये रात्रीनं रूम विकते आणि तुम्ही तीच ५,००० ला दिलीत. तो माणूस कंपनीला ९,००० द्यायला तयार होता, पण तुमच्यामुळे त्याचे चार हजार वाचले. कंपनीचे मात्र नऊच्या नऊ गेले, कारण तुम्ही हक्क वापरला नसता तर ती रूम तिनं विकली असती.

आता हेच जुलैतल्या मंगळवारी बघा. चोर्ला घाटात धो धो पाऊस, रस्त्यावर दरड येते की काय ही धास्ती, रिसॉर्ट निम्मं रिकामं. तेव्हा तुम्ही शहापूरच्या एखाद्या कुटुंबाला स्वस्तात पाठवलंत, तर कंपनीचं नुकसान शून्य. उलट जेवणाचं बिल आणि विक्रीवाल्यांना एक नवीन गिऱ्हाईक. ऋतूनुसार उत्तर बदलतं ते असं. कंपन्यांचे नियम मात्र बहुधा वर्षभर एकच असतात, आणि मला ते तिथंच खटकतं.

आम्ही गेलोच नाही आणि कुणाला दिलंही नाही, तर?

या प्रश्नावर सगळे गप्प होतात. तुम्ही मूळ रक्कम दिलेली, वार्षिक शुल्क दिलेलं, आणि तुमची रूम मोकळी. ती कंपनी हॉटेलसारखी बाहेर विकू शकते. म्हणजे एकाच रात्रीचे दोन वेळा पैसे. पैसे वेळेवर भरणारा आणि न येणारा सदस्य हा कंपनीच्या दृष्टीनं सोन्याची कोंबडीच. भाड्यानं देण्यावरची खरी नाराजी बऱ्याचदा इथून येते: तुम्ही कंपनीचं काही ओढून नेत नाही, पण तिला फुकट मिळणारी रूम आता मिळत नाही.

न्यायानं एवढंही म्हणायला हवं, की सगळ्या सदस्यांनी एकदम सगळ्या रात्री वापरल्या तर रूम पुरणारच नाहीत. काहीजण येणार नाहीत हे गृहीत धरूनच बुकिंगची घडी बसवलेली असते. मेच्या सुट्टीत "उपलब्ध नाही" हे उत्तर ऐकून जो चिडतो, त्यानं हेही लक्षात ठेवावं, की भाड्यानं देणारे वाढले तर त्याची रांग आणखी लांबते. इथं हिशेब सदस्याविरुद्ध सदस्य असाही आहे.

इतका फायदा असेल तर नियमांत "व्यापारी वापर करू नये" असं का लिहितात?

कारण कंपनी एकाच वेळी दोन दुकानं चालवते. एका दुकानात पंचवीस वर्षांची मेंबरशिप विकते, दुसऱ्यात रात्रीच्या दरानं रूम. तुम्ही भाड्यानं देऊ लागलात की दोन्ही दुकानांसमोर तुमची हातगाडी लागते. रात्रीच्या दरावर परिणाम होतो हे वर आलंच. त्याहून मोठी भीती पहिल्या दुकानाची. "वार्षिक शुल्काएवढ्या पैशांत कुणाही सदस्याकडून आठवडा मिळतो" हे एकदा लोकांना कळलं, की चार लाख भरून मेंबर कोण होणार?

एखाद-दुसरा सदस्य मेव्हण्याला रूम देतो म्हणून कुणी हलत नाही. पाच-सात मेंबरशिपा गोळा करून, सुट्टीचे आठवडे बुकिंग उघडताक्षणी उचलून, ते विकायला बसणारा माणूस कंपनीला नको असतो, आणि खरं सांगायचं तर इतर सदस्यांनाही नको असतो. नियम त्याच्यासाठी लिहिलेला, पण सापडतो तुमच्यासारखा साधा माणूस, कारण त्याला कागद सांभाळायची सवय नसते.

अमेरिकेत तर सर्रास भाड्यानं देतात म्हणे. मग इथंच काय अडचण?

तिकडची मांडणी वेगळी आहे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी रूमचा वर्षातला एक आठवडा खरेदीखतानं नावावर होतो, म्हणजे मालमत्तेतला हिस्साच. बांधणारी कंपनी वेगळी, मालकांचा संघ वेगळा, व्यवस्थापन पाहणारी कंपनी कधी तिसरीच. देखभालीचे पैसे संघाकडे जातात. भाड्यानं देऊन मालक ते पैसे भरत राहिला तर संघाला बरंच, कारण एकानं थकवलं की तो बोजा बाकीच्यांवर पडतो. न विकलेले आठवडे भाड्यानं देणाऱ्या बांधकाम कंपनीला मात्र तोच मालक स्पर्धक वाटतो. "रिसॉर्टला फायदा होतो का" या प्रश्नाला तिथं दोन उत्तरं निघतात ती यामुळे.

तिकडेही रान मोकळं नाही. डिस्ने व्हेकेशन क्लब ही डिस्नेची टाइमशेअर योजना १९९१ पासून पॉइंट्सवर (दरवर्षी मिळणारे गुण खर्चून रात्री घ्यायच्या) चालते आणि तिच्या अटींत वापर वैयक्तिक असावा, धंद्याचा नको, असं आहे. काही कंपन्या मालकाऐवजी दुसरं कुणी येणार असेल तर वेगळं गेस्ट सर्टिफिकेट घ्यायला लावतात आणि त्याचे पैसे घेतात. म्हणजे भाड्यातला छोटा वाटा सरळच उचलतात.

आपल्याकडे बहुतेक योजनांत मालकी नसतेच. मिळतो तो ठरावीक वर्षांसाठी राहण्याचा हक्क. रिसॉर्ट कंपनीचं, व्यवस्थापन कंपनीचं, विक्रीही कंपनीची. मालकांचा संघ नावाची गोष्ट नाही. टाइमशेअरसाठी वेगळा कायदाही भारतात नाही. १८७२ चा करार कायदा आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा यांवरच भागवायचं. म्हणून करारात काय छापलंय याला इथं फार वजन आहे.

करारात नेमकं काय बघायचं?

करार इंग्रजीत असतो आणि अक्षर बारीक, तरी मुलाला-सुनेला बसवून चार जागा शोधाच. सदस्याशिवाय दुसरं कुणी राहू शकतं का, आणि त्यासाठी गेस्ट शुल्क आहे का. "व्यापारी", "भाडे", "मोबदला" हे शब्द कुठं येतात. नियम मोडल्यास कंपनी नुसतं बुकिंग रद्द करते की सदस्यत्वच थांबवते. आणि न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात का. येत असतील तर भाड्याची घाई कशाला?

नियम नंतर बदलण्याचा हक्क कंपनीनं राखून ठेवलेला असतो, म्हणून २०१० सालच्या फाइलवर विसंबू नका. आजचे नियम कंपनीच्या साइटवरून छापून त्या फाइलला टाचून ठेवा.

मेव्हण्याला, भाचीला, साडूला पाठवलं तर चालतं ना?

बहुतेक योजनांत नातेवाईक किंवा मित्र पाठवायला वाट असते, कधी फुकट, कधी शुल्क भरून. बुकिंग करतानाच त्यांचं नाव घाला. फ्रंट डेस्कवर सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं मागतात. तिथं "आम्ही त्यांच्याच घरचे" सांगून भागत नाही.

आपल्याकडे साडूकडून पैसे मागणं जड जातं. तो परत येताना कुंद्याचा डबा आणतो आणि हिशेब मिटतो. तसं असेल तर भाड्याचा प्रश्नच उरत नाही. पण अनोळखी माणसाकडून ऑनलाइन पैसे घेऊन त्याला कागदोपत्री भाचा करू नका. तो तिथं गेल्यावर गप्पांच्या ओघात "पाच हजारला पडली रूम" म्हणून जातो, मग तुमचं बुकिंग आणि तुमचं नाव दोन्ही अडचणीत.

आमच्या बाजूनं हिशेब जमतो का? भाड्यातून खरंच पैसे सुटतात?

एक नमुना मांडू. आकडे समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. मूळ रक्कम ४ लाख, मुदत २५ वर्षं, म्हणजे वर्षाला १६,०००. वार्षिक शुल्क २०,००० आणि जीएसटी ३,६००, मिळून २३,६००. एकूण ३९,६००. सात रात्रींनी भागलं तर रात्रीला साधारण ५,६६० रुपये.

५,००० नं सातही रात्री गेल्या तर ३५,००० आले. वार्षिक शुल्क पूर्ण निघालं आणि वर ११,४०० राहिले, जे मूळ रकमेच्या त्या वर्षाच्या वाट्यालाही पुरत नाहीत. चार लाखांवर बँकेनं दिलं असतं ते व्याज तर आपण धरलेलंच नाही. म्हणजे कमाई म्हणून याकडे बघणं सोडा. भाडं हा तोटा कमी करायचा मार्ग आहे. नवीन मेंबरशिप विकताना "नाही गेलात तर भाड्यानं द्या, पैसे वसूल" असं कुणी तोंडी सांगत असेल, तर त्याला म्हणावं, हेच वाक्य लेटरहेडवर लिहून सही करून द्या.

कुठला आठवडा पटकन जातो?

इथं सीमेवर राहण्याचा चक्क फायदा आहे. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत सुट्टी आणि ऑक्टोबरात दसऱ्याची मोठी सुट्टी. पलीकडे कोल्हापूर-सांगलीत शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि मोठी सुट्टी दिवाळीची. म्हणजे जूनचे पहिले दोन आठवडे बेळगावच्या माणसाला निरुपयोगी, पण गडहिंग्लज-इचलकरंजीच्या पाहुण्यांना अगदी हवेसे. उलट एप्रिलच्या उत्तरार्धात पुण्यामुंबईची झुंड अजून निघालेली नसते, तेव्हा आपण स्वतः जाऊन यावं आणि मेचा आठवडा, नियमात बसत असेल तर, दुसऱ्याला द्यावा. दसऱ्याचंही तसंच: आपली मुलं मोकळी असतात तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळा चालू, त्यामुळे रूम मिळते. दिवाळीत आपण घरी फराळ करत बसलेलो असतो आणि रूमला मागणी तिकडून.

तुमच्या सदस्यत्वाचा सीझन कोणता हेही बघा. क्लब महिंद्रात पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू असे रंग आहेत. पर्पल सगळ्यात गर्दीचा आणि महाग. ब्लूवाल्याला मे महिना स्वतःलाच मिळत नाही, तर भाड्यानं कुठला देणार?

अजून एक ध्यानात घ्या. बेळगावचं कुटुंब दोन दिवसांसाठी आंबोली, दांडेली किंवा जोयड्याकडे जातं, जिथं होमस्टेवाले माणशी दर सांगतात आणि त्यात जेवण आलेलं असतं. तुम्ही सांगितलेलं रूमचं भाडं लोक त्याच्याशी ताडून बघतात. जेवण वेगळं, हे आधीच सांगा; नाहीतर परत आल्यावर बुफेच्या बिलाचा राग तुमच्यावर निघतो.

आरसीआयमधून बदलून घेतलेला आठवडा भाड्यानं देता येतो का?

नाही. आरसीआय ही १९७४ साली अमेरिकेत सुरू झालेली अदलाबदलीची संस्था; तुमचा आठवडा तिथं जमा करून दुसऱ्या रिसॉर्टचा घ्यायचा. अशा घेतलेल्या आठवड्यावर गेस्ट सर्टिफिकेटनं कुणाला तरी पाठवता येतं, पण तो विकता किंवा भाड्यानं देता येत नाही.

गोव्यात आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. त्यालाही हेच लागू?

तो पूर्ण निराळा विषय. फ्लॅट तुमच्या मालकीचा, रिसॉर्ट कंपनीचा संबंध नाही. पर्यटकांना राहायला द्यायचा तर गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. सोसायटीचे नियम वेगळे.

भाडं मिळालं तर कर?

मिळालेलं भाडं हे उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवायचं. त्यासमोर कुठला खर्च वजा करता येईल ते तुमच्या सीएला विचारा. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, त्यामुळे वर्षाकाठी एखादा आठवडा देणाऱ्यानं त्याची चिंता करू नये.

कंपनीनं ऐन वेळी बुकिंग रद्द केलं, किंवा सदस्यत्वच गोठवलं. आता?

आधी लेखी कारण मागा, ईमेलवर. फोनवरचं "सर, सिस्टीम दाखवत नाही" हे उत्तर धरू नका. कारण हातात आलं की ते करारातल्या कलमाशी ताडा.

मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच येतं, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. सीमाभागातल्या लोकांना हे माहीत नसतं, की २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथं तक्रार करता येते. करारात "फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात" असं छापलेलं असलं तरी. म्हणजे टिळकवाडीचा सदस्य बेळगावच्या आयोगात जाईल आणि चंदगडचा कोल्हापूरच्या. लवादाचं कलम दाखवूनही कंपनी तुम्हाला आयोगातून बाहेर काढू शकत नाही; सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एम्मार एमजीएफ प्रकरणात हा मुद्दा निकाली काढला. मुदत दोन वर्षांची, ती मोजायला घटनेच्या दिवसापासून सुरुवात करा. करारच एकतर्फी आहे असं म्हणणं असेल तर मात्र ते प्रकरण तुमच्या राज्याच्या राज्य आयोगाकडे जातं.

यात एक मेख आहे. धंद्यासाठी सेवा घेणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही. तुम्ही दरवर्षी सगळ्या रात्री अनोळखी लोकांना विकत असाल, जाहिराती टाकत असाल, तर कंपनीचा वकील पहिलं हेच बोलेल. कधीतरी एखादा आठवडा दिला आणि स्वतःही वापरता, हे दाखवता आलं तर तुमची बाजू बरी.

मेंबरशिपवर पत्ता "बेळगाव" आणि आधारवर "बेळगावी" आहे. चेक-इनला अडतं का?

शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, म्हणून जुन्या फाइलींत जुनं नाव. पत्त्यावरून सहसा अडत नाही. अडतं ते माणसाच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून आणि आडनावावरून. सासर-माहेरचं आडनाव वेगळं असेल तर बुकिंगमध्ये आधारवरचंच घाला.

भाडेकरूनं टीव्ही फोडला किंवा बिल न भरता गेला, तर?

बुकिंग तुमच्या नावचं, म्हणून वसुली तुमच्याकडे. थोडी अनामत रक्कम आधी घ्या, आणि रिसॉर्टवरचं बिल निघताना तिथल्या तिथं भरायचं हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पुराव्याला तेवढं पुरतं.

"तुमची मेंबरशिप विकून देतो, भाडेकरू तयार आहे" असे फोन येतात. खरे असतात का?

पैसे आधी मागत असतील तर खोटे. सूर ठरलेला असतो: गिऱ्हाईक मिळालंय, आठ लाख देणार, फक्त जीएसटीचे किंवा "एनओसी"चे पैसे आज भरा. सदस्य क्रमांक, भरलेली रक्कम असं सगळं त्यांना माहीत असतं, म्हणून माणूस फसतो. फोन ठेवून कंपनीच्या कार्डावरच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची आशा असते.

दुसऱ्या बाजूनंही फसवणूक होते. सदस्य म्हणवणारा कुणीतरी बनावट कन्फर्मेशन पाठवून अ‍ॅडव्हान्स घेतो आणि गायब होतो. म्हणून भाड्यानं घेणाऱ्यानं निघण्याआधी रिसॉर्टला फोन करून आपलं नाव बुकिंगवर आहे का ते विचारावं. खरा सदस्य त्यावर रागावत नाही.

मग कंपनीलाच सांगितलं तर? "आमच्या रात्री तुम्हीच भाड्यानं द्या, वाटा घ्या" असं?

परदेशात अशी सोय काही ठिकाणी आहे. व्यवस्थापन कंपनी मालकाचा आठवडा भाड्यानं लावते आणि कमिशन कापून बाकीचे पैसे देते. आपल्याकडे लेखी विचारायला हरकत नाही, आणि मी तरी विचारायलाच सांगेन. पत्रात तीन ओळी पुरे: या वर्षीच्या इतक्या रात्री मी वापरणार नाही, त्या तुम्ही बाहेर विकल्यात तर वार्षिक शुल्कात सूट किंवा पुढच्या वर्षी जादा रात्री द्याल का, आणि नसाल देत तर माझ्या ओळखीच्या कुटुंबाला पाठवायचं शुल्क किती. गर्दी नसलेल्या महिन्यांसाठी विचारलंत तर कंपनीला नाही म्हणायला कारण कमी उरतं. उत्तर आलं की ते त्याच फाइलला टाचून ठेवा. उत्तर आलंच नाही तर पत्राची पोच ठेवा, पुढे आयोगापुढे ती कामाला येते.